डिस्क बदलण्याआधी वायर बघा: घरी जोडलेल्या नॅस सर्व्हरचं दुखणं शोधताना

तुमच्या लांबलचक प्रश्नाचा गोषवारा आधी माझ्या शब्दांत लिहितो, कारण अर्धं निदान त्या मांडणीतच होतं. नॅस, म्हणजे घरातल्या फाइली नेटवर्कवर ठेवणारा सर्व्हर, करायला घेतलेला जुना डेस्कटॉप. त्यात आधीची ८ जीबी रॅम आणि नंतर घातलेली आणखी एक ८ जीबीची स्टिक. सेकंडहँड घेतलेलं आठ पोर्टांचं रेड कार्ड, म्हणजे अनेक डिस्क जोडायचं कार्ड. ८ टीबीच्या चार डिस्क: दोन नव्या, दोन यूएसबीच्या बाहेरच्या खोक्यांतून काढलेल्या. ट्रूनॅस, म्हणजे नॅस चालवणारी सिस्टिम, बसवताना दोनदा अर्ध्यावर अडकलं, तिसऱ्यांदा बसलं. खोक्यातून काढलेल्या दोनपैकी एक डिस्क दिसतच नाही, म्हणून उरलेल्या तिघींचा रेडझेड-१ पूल (एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारा संच) केलात. दोन दिवसांत तो डिग्रेडेड, म्हणजे नादुरुस्त, झाला आणि तिन्ही डिस्कांसमोर चेकसमच्या (डेटा बिघडलाय का हे ओळखायच्या पडताळणी-आकड्याच्या) चुका दिसायला लागल्या. कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही. विंडोजचा लॅपटॉप बरोबर पासवर्ड देऊनही आत घेत नाही. आणि आता तुम्ही विचारताय, सगळं पुसून ओपनमीडियाव्हॉल्ट ही दुसरी नॅस सिस्टिम टाकू का?

नका टाकू. सॉफ्टवेअर बदललंत तरी वायर तीच, रॅम तीच, कार्ड तेच. फक्त तक्रार करणारा गप्प बसेल. ट्रूनॅसमागे झेडएफएस ही फाइल सिस्टिम आहे. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकसोबत त्याचा चेकसम ठेवतं आणि वाचताना दर वेळी पडताळून बघतं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ते बनवलं गेलं आणि २००५ साली ओपनसोलारिसमधून बाहेर आलं, ते मुळात याच खोडीसाठी. एक्स्ट-४ सारख्या फाइल सिस्टिममध्ये तुमच्या डेटाचा चेकसम नसतो. तिथे हेच फोटो असेच खराब झाले असते, आणि दोन वर्षांनी एखादा उघडल्यावर अर्धं चित्र राखाडी दिसलं असतं. तुम्हाला दोन दिवसांत कळलं हे नशीब.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे: खालून वर जायचं. आधी वीज, मग वायरी, मग कार्ड आणि रॅम, मग डिस्क, मग नेटवर्क, आणि सगळ्यात शेवटी शेअर आणि परवानग्या. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात, कारण सेटिंग खुर्चीत बसून बदलता येतं आणि वायर बघायला कॅबिनेट उघडावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललीत आणि मशीन सुधारलं तर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही, आणि महिन्याभराने तेच दुखणं परत आलं की पुन्हा पहिल्यापासून.

वही घ्या. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर, ती कार्डाच्या कुठल्या पोर्टाला आहे, विजेच्या कुठल्या वायरीवर आहे, एवढं लिहा. एसडीए, एसडीबी ही नावं लिहू नका. मशीन सुरू होताना डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यावर ती ठरतात आणि उद्या बदलू शकतात. एसडीबी बिघडली म्हणून एसडीबी उपसली आणि निघाली भलतीच, एवढी चूक रेडझेड-१ पूल घालवायला पुरते. मी सीरियल नंबरची चिठ्ठी डिस्कच्या बाहेर दिसणाऱ्या कडेला चिकटवतो, म्हणजे वाचायला डिस्क काढावी लागत नाही.

आता क्रम थोडा मोडतो. वीज आणि वायरी उद्या बघू, आज रात्री रॅम तपासायला लावा, कारण त्याला रात्रभर लागते आणि माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. का, ते सांगतो.

झेडपूल स्टेटस या कमांडचं जे तुम्ही उतरवून दिलंय त्यात तीन रकाने आहेत: रीड, राइट आणि चेकसम. तिन्ही डिस्कांसमोर रीड शून्य, राइट शून्य, आणि चेकसम १४, १४, १४. रीड किंवा राइट वाढतो तेव्हा डिस्कने किंवा तिच्या वाटेवरच्या कोणीतरी ‘जमत नाही’ असं सांगितलेलं असतं. चेकसम वाढतो तेव्हा उत्तर आलेलं असतं, बिनतक्रार आलेलं असतं, पण चुकीचं असतं. आता तीन डिस्क, वेगळ्या वयाच्या, त्यातली एक तर खोक्यातून आलेली, नेमक्या त्याच ब्लॉकांवर एकदम चुकीचं बोलतील? नाही बोलणार. रेडझेडमध्ये ब्लॉकचे तुकडे जुळवून, पॅरिटीच्या, म्हणजे हरवलेला तुकडा परत काढायला ठेवलेल्या जादा माहितीच्या, सगळ्या शक्यता लावूनही चेकसम बसला नाही, तर दोष कोणाचा हे झेडएफएसला ठरवता येत नाही. मग ते सगळ्यांच्याच खात्यावर एक-एक टाकतं. आकडे सारखे येतात ते म्हणून. आणि असा न सुटणारा ब्लॉक तयार होतो तो बहुधा डिस्कवर पोचण्याआधीच: चेकसम काढून झाला आणि रॅममध्ये पडल्या पडल्या एक बिट उलटला, की तीच खराब प्रत पॅरिटीसकट तिन्ही डिस्कांवर शिस्तीत लिहिली जाते. दुसरी शक्यता कार्डाची, कारण तिन्ही डिस्कांची वाट त्यातूनच जाते. डिस्कांवर संशय सगळ्यात शेवटी.

आणखी एक धागा आहे जो तुम्ही ओझरता लिहिलाय: इन्स्टॉलर दोन वेळा मध्येच, वेगवेगळ्या जागी अडकला. पेनड्राइव्ह खराब असती तर तो साधारण त्याच जागी अडकला असता. जागा बदलतेय म्हणजे पुन्हा बोट रॅमकडेच जातं.

तर मेमटेस्ट८६प्लस पेनड्राइव्हवर टाका आणि मशीन त्यावरून सुरू करा. त्याआधी बायोसमध्ये जाऊन रॅमचा वाढवलेला वेग, म्हणजे एक्सएमपी वगैरे जे असेल ते, बंद करा. आधी दोन्ही स्टिक एकत्र ठेवून किमान चार पूर्ण फेऱ्या होऊ द्या. लाल ओळ आली तर एक-एक स्टिक वेगळी, त्याच स्लॉटमध्ये, पुन्हा. एक चूक चालेल का, असं मला दर वेळी विचारलं जातं. नाही. साठवणुकीच्या मशीनमध्ये मान्य असलेला चुकांचा आकडा शून्य आहे. दोन्ही स्टिक सुट्या पास होतात आणि एकत्र नापास होतात, असंही पुष्कळदा दिसतं; वेगळ्या बनावटीच्या स्टिकांचं टायमिंग जुळत नाही तेव्हा. तसं निघालं तर नवी स्टिक काढून ठेवा आणि ८ जीबीवर चालवा. ट्रूनॅसला किमान तेवढी लागते, आणि घरातल्या फाइली ठेवायला ती पुरते. ईसीसी रॅम असती तर असा उलटलेला एक बिट जागच्या जागी दुरुस्त झाला असता. तुमचा मदरबोर्ड तिला साथ देत नसेल तर त्यापायी मशीन बदलायला मी सांगणार नाही, पण रॅम हलवली की मेमटेस्ट, हा नियम पाळा.

रॅमचा निकाल लागेपर्यंत पूल जोडू नका, त्यातून काही कॉपी करून काढायचा प्रयत्नही नको. बिघडलेल्या रॅममधून काढलेली प्रत बिघडलेली असू शकते. मशीन बंद राहिल्याने डिस्कवरचं काही कमी होत नाही.

आता ती न दिसणारी डिस्क. तुम्ही तिला मेलेली समजून बाजूला ठेवलीत, पण एक बारीक गोष्ट तुम्हीच लिहिलीत: खोक्यातून काढलेल्या ज्या डिस्कला मोलेक्सवरून, म्हणजे जुन्या चार पिनांच्या विजेच्या जोडावरून, अडॅप्टर लावून वीज दिलीय ती चालते, आणि जी एसएमपीएसच्या (मशीनला वीज देणाऱ्या डब्याच्या) साटा वायरीवर थेट लावलीय ती चालत नाही. मशीन सुरू करताना त्या डिस्कच्या कडेला बोट टेकवून बघा. फिरणाऱ्या डिस्कची बारीक थरथर बोटाला लागते. या डिस्कला ती लागणार नाही, ती फिरायलाच सुरुवात करत नाही.

कारण साटाच्या विजेच्या जोडातली तिसरी पिन. या जोडात १५ पिना असतात आणि पहिल्या तीन पूर्वी ३.३ व्होल्टसाठी राखलेल्या होत्या. नव्या साटा नियमावलीत तिसऱ्या पिनेला दुसरं काम दिलं: तिच्यावर व्होल्टेज असेल तर डिस्कने बंद राहायचं. मोठ्या डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करायला हे सोयीचं आहे. पण जुना एसएमपीएस त्या पिनेवर इमानदारीने ३.३ व्होल्ट देत राहतो, आणि डिस्क इमानदारीने झोपून राहते. मोलेक्समध्ये ५ आणि १२ व्होल्टच असतात, ३.३ नसतात, म्हणून तिकडची डिस्क उठते.

उपाय म्हणजे डिस्कच्या बाजूच्या तिसऱ्या पिनेवर कॅप्टन (Kapton) टेपची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या टेपची, अरुंद पट्टी. पहिल्या तिन्ही पिना झाकल्यात तरी चालतं, आणि हाताला तेच सोपं जातं. पट्टी चिमट्याने बसवा, कडा नखाने दाबा आणि जोड सरळ घाला, तिरका घातला की पट्टी सरकते. वायरमनची काळी चिकटपट्टी नको; उष्णतेने तिचा गोंद सुटतो आणि जोडात पसरतो. मोलेक्स अडॅप्टरचा मार्गही चालेल, पण प्लॅस्टिक ओतून बंद केलेल्या जोडाचा अडॅप्टर वापरू नका. त्यात आतल्या वायरी जवळजवळ येऊन शॉर्ट होतात आणि जोड वितळून जळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. ज्यात प्रत्येक वायर वेगळी आत शिरताना दिसते तो घ्या. तुमच्या चालणाऱ्या डिस्कवर सध्या कुठला आहे, तेही बघा.

विजेचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो, कारण घरी जोडलेल्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त चकवा इथेच बसतो. ३.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढते. चार डिस्क एकदम उठल्या की ८ अँपिअर, काही सेकंदांसाठी. एसएमपीएसवर किती वॅट लिहिलेत ते सगळे बघतात, पण ते ८ अँपिअर कुठल्या वाटेने जातात ते कोणी बघत नाही. साटाच्या जोडात १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण साडेचार. एका साटा जोडातून चार डिस्कांचा स्प्लिटर काढलात तर पहिल्याच जोडावर त्याच्या कुवतीच्या जवळपास दुप्पट भार येतो. रोज सकाळी थोडा तापतो, पिनेची पकड हळूहळू ढिली होते, आणि एक दिवस डिस्क पूलमधून गळते.

माझ्याच मशीनमध्ये हे झालंय. दर चार-पाच दिवसांनी रात्रीच्या बॅकअपच्या वेळी एक ठरावीक डिस्क गळायची, मशीन पुन्हा सुरू केलं की साळसूदपणे हजर. मी डिस्क बदलली. नवी डिस्क त्याच जागी, तशीच गळाली. साटा केबल बदलली, फरक नाही. शेवटी एका रात्री वैतागून चारही डिस्कांचे स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे) आकडे शेजारी-शेजारी लिहून काढले, आणि बारा नंबरच्या ओळीवर नजर अडकली. ती म्हणजे पॉवर सायकल काउंट, डिस्क आजवर किती वेळा बंद होऊन चालू झाली तो आकडा. एकाच दिवशी बसवलेल्या तीन डिस्कांचा आकडा ४१ आणि काढून ठेवलेल्या ‘खराब’ डिस्कचा ६३. मशीन चालू असताना ही एकटी बावीस वेळा विजेविना राहिली होती! स्प्लिटर काढून बघितला, तर एका जोडाचं पांढरं प्लॅस्टिक पिनेभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी पडलेलं. स्प्लिटर फेकला, दोन डिस्क एसएमपीएसच्या एका वायरीवर आणि दोन दुसऱ्या वायरीवर घेतल्या. ती ‘खराब’ डिस्क आजही चालतेय.

म्हणून स्मार्टमध्ये नेमकं काय वाचायचं ते सांगतो. स्मार्टसीटीएल या कमांडचं पानभर उत्तर बघून घाबरू नका, पाच-सहा ओळी पुरतात. ५, १९७ आणि १९८ या डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या: बदललेले सेक्टर, वाचता न येऊन लटकलेले सेक्टर, आणि तपासणीत कायमचे गेलेले. १९७ शून्याच्या वर जाऊन तिथेच राहिला किंवा वाढत गेला, तर डिस्क बदलायची तयारी करा. १९९ म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर काउंट, तो डिस्कचा नाही, डिस्क आणि कार्ड यांच्यामधल्या केबलचा. हा आकडा कधी कमी होत नाही, केबल बदलल्यावरही नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा वाढतोय का ते महत्त्वाचं. आज ४० आणि पुढच्या आठवड्यात ४० असेल तर जुनी गोष्ट म्हणून सोडून द्या. आज ४० आणि उद्या ५७ असेल तर केबल बदला. आणि १२, वर सांगितला तो. शिवाय तापमान.

केबलचा एक खास सापळा तुमच्या कार्डासोबत येतो. कार्डाच्या एका जोडातून चार साटा टोकं निघतात त्या ब्रेकआउट केबलचे दोन प्रकार असतात, फॉरवर्ड आणि रिव्हर्स. दिसायला जुळे, आतली जोडणी उलटी. कार्डापासून डिस्ककडे जायला फॉरवर्ड लागते. तुमच्या डिस्क दिसताहेत म्हणजे तुमची बरोबर आहे, पण जास्तीची मागवताना नाव नीट वाचा.

आता कार्ड. वर्णनावरून ते एलएसआय ९२११-८आय किंवा त्याच्याच एसएएस२००८ चिपवरचं भावंड दिसतंय. घरगुती नॅससाठी वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं चांगलं कार्ड आहे, पण दोन अटींवर. एक, त्यात आयटी मोडचं, म्हणजे डिस्क जशा आहेत तशा पुढे देणारं, फर्मवेअर हवं. रेडचं फर्मवेअर असेल तर कार्ड स्वतःच मधे पडून डिस्कांचे संच बनवू बघतं, आणि झेडएफएसला खरी डिस्क भेटत नाही. ओळख सोपी आहे: ट्रूनॅसमध्ये डिस्कच्या लेबलवरचाच सीरियल नंबर दिसतो का आणि स्मार्ट वाचता येतं का? दोन्ही होत असेल तर बहुधा आयटी मोड आहे. फर्मवेअरची आवृत्तीही बघा. या चिपसाठी २०.००.०७.०० ही चालणारी आवृत्ती. वीसच्या मालिकेतली अगदी सुरुवातीची २०.००.००.०० असेल तर लगेच बदला, तिने लोकांना छळलंय.

दुसरी अट वाऱ्याची. ही कार्डं सर्व्हरच्या कॅबिनेटसाठी बनवलेली, जिथे पुढून पंखे वादळासारखी हवा ढकलत असतात. तुमच्या शांत टॉवर कॅबिनेटमध्ये त्या कोपऱ्यात हवा हलतच नाही. अर्धा तास स्क्रब, म्हणजे पूलमधला सगळा डेटा वाचून पडताळणं, चालवा, मशीन बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि लगेच कार्डाच्या हीटसिंकला बोट लावा. दोन सेकंद बोट ठेववत नसेल तर एक छोटा पंखा थेट त्याच्या तोंडावर बसवा. तापलेल्या कार्डाची खूण अशी की एरवी सगळं ठीक, पण मोठी कॉपी किंवा स्क्रब चालू असताना एकाहून जास्त डिस्कांवर एकदम चुका. जुन्या कार्डावरचा उष्णतावाहक लेप वाळून भुगा झालेला असतो, तो बदलणं दहा मिनिटांचं काम आहे.

इन्स्टॉलचं उरलेलं चटकन उरकतो. आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरची फाइल, उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ (फाइल धड उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवा. पेनड्राइव्हवर ती फाइल म्हणून कॉपी करायची नसते, इमेज म्हणून लिहायची असते. इमेज लिहिणाऱ्या रूफस प्रोग्रामने विचारलं तर डीडी मोड निवडा. सिस्टिम कायमची पेनड्राइव्हवर बसवू नका, एखादी छोटी जुनी एसएसडी घ्या, ट्रूनॅस सतत लिहीत राहतं आणि पेनड्राइव्ह त्याने झिजते. आणि बायोसचं घड्याळ मागे पडलेलं दिसलं तर सीआर२०३२ सेल बदला. घड्याळापेक्षा मला भीती याची वाटते की सेल संपला की बायोस आपली सगळी सेटिंग्ज विसरतो, काही मदरबोर्डांवर साटा मोड गुपचूप एएचसीआयवरून रेडवर जातो, आणि ‘काल सगळं चालत होतं’ ही तक्रार जन्माला येते.

नेटवर्क. ११ एमबी हा आकडा वाचताच हसू आलं, कारण इतका प्रामाणिक आकडा दुसरा नाही. १०० मेगाबिटला आठने भागा, साडेबारा. वरचा खर्च वजा करा, ११ ते १२. म्हणजे तुमची जोडणी गिगाबिट नसून १०० मेगाबिटवर ठरलीय. डिस्क, रॅम, सांबा (विंडोजला फाइली देणारं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर), कोणाचाही यात दोष नाही. लॅन केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एक तार क्लिपमध्ये नीट दाबली गेली नसेल तर दोन्ही टोकं गुपचूप १०० वर तडजोड करतात आणि कोणी काही बोलत नाही. टर्मिनलवर ईथटूलने स्पीडची ओळ बघा, १०० दिसेल. दुसरी केबल लावा. तरी १०० राहिला तर राउटरचं पोर्ट बघा. अनेक राउटर वाय-फायच्या मोठमोठ्या आकड्यांआड १०० मेगाबिटचीच पोर्ट देतात.

स्पीड १००० झाला की आयपर्फ३ चालवा. ते डिस्कला हात न लावता फक्त वाट मोजतं. ९४० मेगाबिटच्या जवळपास आलं पाहिजे, आणि मग मोठ्या फाइलची कॉपी सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जाईल. आयपर्फ ९४० आणि कॉपी ३० असेल तर मग डिस्ककडे किंवा सांबाकडे वळा. हजारो छोट्या फाइलींची कॉपी मात्र कधीच ११० दाखवणार नाही, तिथे मन शांत ठेवा. लॅपटॉप वाय-फायवर ठेवून यातलं काहीही मोजू नका.

राहिला लॅपटॉपचा पासवर्ड. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं. ‘एसएमबी१ चालू करा, सगळं चालेल’ असा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळालाय, तो विसरा. एसएमबी म्हणजे नेटवर्कवर फाइली वाटायची विंडोजची पद्धत, आणि १ म्हणजे तिची जुनी आवृत्ती. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला तो याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या भोकातून, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० पासून नव्या इन्स्टॉलमध्ये तो बंद असतो. शेजारच्या मशीनांची यादी ‘नेटवर्क’मध्ये दिसत नाही म्हणून तो चालू करायची गरज नाही. एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन सर्व्हरचा आयपी पत्ता लिहा. त्याने उघडलं तर अडचण नावाची होती, पासवर्डची नव्हतीच. तो आयपी पत्ता राउटरमध्ये सर्व्हरसाठी राखून ठेवा. सर्व्हरच्या स्क्रीनवर पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, पुन्हा केबलकडे जा.

आयपीनेही पासवर्ड नाकारला तर तीन ठिकाणं. पहिलं, विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच वापरकर्त्याच्या नावाने बोलतं. आधी कधी दुसऱ्या नावाने जोडणी झालेली असेल तर १२१९ नंबरची एरर येते, किंवा काहीच न सांगता जुनंच नाव पुढे केलं जातं. क्रेडेन्शियल मॅनेजरमधली सर्व्हरची नोंद काढा, नेट यूज कमांडने लटकलेल्या जोडण्या तोडा, लॅपटॉप पुन्हा सुरू करा. दुसरं, ट्रूनॅसमध्ये तो वापरकर्ता एसएमबीसाठी चालू आहे का ते बघा. नसेल तर चालू करून पासवर्ड पुन्हा द्या. सांबा स्वतःचा वेगळा हॅश ठेवतो आणि तो पासवर्ड देण्याच्या क्षणीच बनतो. तिसरं, तुम्ही लॅपटॉपचा पिन टाकत नाही आहात ना? हसू नका. पिन त्या लॅपटॉपपुरता असतो, सर्व्हरला तो माहीत नसतो. आत शिरलात पण लिहिता येत नाही असं झालं, तर तो पासवर्डचा विषय नाही, डेटासेटच्या, म्हणजे पूलमधल्या त्या भागाच्या, परवानगीचा आहे: शेअरने ‘या’ म्हटलं तरी आतल्या फोल्डरच्या एसीएलनेही (परवानग्यांच्या यादीनेही) म्हणावं लागतं.

आता शेवटचा निर्णय, पूलचं काय करायचं. रॅम स्वच्छ झाली, कार्डाला वारा मिळाला, वायरी नीट वाटल्या गेल्या, आणि टेप लावून चौथी डिस्क फिरायला लागली, असं धरून चालतो. आता ती चौथी डिस्क ‘पूलमध्ये जोडा’ असं बटण दाबून घालू नका. ट्रूनॅस इशारा देईल, तुम्ही घाईत हो म्हणाल, आणि ती एकटी डिस्क पूलचा स्वतंत्र भाग बनून बसेल: ती गेली की अख्खा पूल गेला, आणि पूलमध्ये रेडझेड असल्यामुळे तिला परत काढताही येत नाही. ओपनझेडएफएस २.३ पासून, म्हणजे २०२५ च्या सुरुवातीपासून, चालू रेडझेडमध्ये डिस्क वाढवता येते खरी, पण रेडझेड-१ चा रेडझेड-१ च राहतो.

तुमचा पूल दोन दिवसांचा आहे आणि त्यातल्या काही फाइली आधीच नासल्यात. झेडपूल स्टेटसला व्ही हा पर्याय लावलात की त्यांची नावं दिसतील. जुन्या लॅपटॉपवर त्यांच्या मूळ प्रती अजून आहेत असं तुम्ही लिहिलंय. तर पूल मोडा आणि चारही डिस्कांचा रेडझेड-२ नव्याने करा. ८ टीबीची डिस्क सिस्टिमच्या मोजमापात ७.२८ दिसते, तीन डिस्कांच्या रेडझेड-१ मध्ये दोन डिस्कांएवढी जागा मिळत होती, चार डिस्कांच्या रेडझेड-२ मध्येही दोनचीच, साडेचौदाच्या आसपास. जागा तेवढीच, पण कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत.

पूल करण्याआधी, डिस्क रिकाम्या असतानाच, त्यांना घाम काढायला लावा. बॅडब्लॉक्स या कमांडची लिहिणारी चाचणी चार वेळा पूर्ण डिस्क लिहिते आणि चार वेळा वाचते. ८ टीबीला साधारण पाच दिवस. ब्लॉकचा आकार ४०९६ द्या, नाहीतर एवढ्या मोठ्या डिस्कवर कमांड सरळ नकार देते. ही चाचणी डिस्कवरचं सगळं पुसते, म्हणून चालवण्याआधी सीरियल नंबर वहीतून पुन्हा जुळवा. पाच दिवसांचा धीर नसेल तर निदान स्मार्टची लाँग टेस्ट करा. त्यानंतर पुन्हा ५, १९७, १९८, १९९ आणि १२ या ओळी वहीत उतरवा. चाचणीदरम्यान १२ वाढला असेल तर वीज, १९९ वाढला तर केबल, १९७ वाढला तर डिस्क. डिस्कचे मॉडेल नंबरही एकदा तपासून घ्या, एखादी एसएमआर प्रकारची (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी) निघाली तर ती या पूलमध्ये नको. बदली डिस्क भरताना ती दिवसेंदिवस रखडते.

पूल झाला, थोडा डेटा गेला, की मशीन बंद करून एका डिस्कची साटा केबल मुद्दाम काढा आणि पुन्हा सुरू करा. पूल डिग्रेडेड दिसला पाहिजे, फाइली उघडल्या पाहिजेत, आणि तुमच्या फोनवर इशाऱ्याचा ईमेल आला पाहिजे. मशीन बंद करून केबल परत लावा, सुरू करा, झेडएफएस ती डिस्क ओळखून घेईल, मग एक स्क्रब चालवा. ईमेल आला नसेल तर फोटो भरायला घेण्याआधी तो येईल असं करा.